भाल्याची लांबी

आपल्या इतिहासांत तलवारीला जें वैभव लाभलें तें भाल्याच्या वांट्यास कधींच आलें नाहीं. तलवारीला नांव असतें. भवानी, जगदंबा हीं नांवें लहान मुलांच्याहि तोंडीं आहेत. भाल्याला नांव नसतें. तलवार बक्षीस मिळते, वंशपरंपरा देव्हाऱ्याशेजारीं राहते, तिच्यावर पोवाडे होतात. भाला मोडला कीं टाकून द्यावयाचा आणि दुसरा घ्यावयाचा. भाषेनें मात्र त्याची आठवण ठेविली आहे. भालेराव हें आडनांव, दरबारांतला भालदार, बखरींतले इटेकरी, हीं सर्व त्या बिननांवाच्या हत्याराचीं लेंकरें होत. प्रस्तुत लेखांत त्या हत्याराची एकच बाब तपासावयाचा विचार आहे, आणि ती म्हणजे त्याची लांबी.

लांबी ही वरवर पाहतां सुताराची बाब वाटेल, आणि इतिहासाच्या अभ्यासकानें फूटपट्टी घेऊन बसावें काय, असा प्रश्न कोणी विचारील. आमचें उत्तर असें कीं, अवश्य बसावें. तलवारीची लांबी तिच्या धन्याच्या हातावर अवलंबून असते. भाल्याची लांबी त्याच्या शेजारीं व पाठीमागें कोण उभें आहे यावर अवलंबून असते. भालाईत पायीं आहे कीं घोड्यावर, एकटा आहे कीं रांगेंत, त्याच्या मुलखांत कोणतें लांकूड पिकतें, आणि त्याचें हत्यार सरकार पुरवितें कीं त्याचें तो आणतो, एवढ्या साऱ्या प्रश्नांचें उत्तर त्या दांड्याच्या मापांत सांठविलेलें असतें.

अडचण एवढीच कीं, तो दांडाच आपणांस मिळत नाहीं. लोखंड गंजत कां होईना, पण शतकें काढतें. लांकूड व वेळू यांना वाळवी, भुंगा आणि ओल खाऊन टाकतात. संग्रहालयांत किंवा जुन्या वाड्यांत आपण ज्याला भाला म्हणून पाहतों तें पुष्कळदां केवळ भाल्याचें पातें असतें. खालची काठी मागाहून बसविलेली असते. म्हणून मापाचा विचार करावयाचा तर प्रथम असा एखादा देश घ्यावा कीं, जेथें भाल्याची लांबी कायद्यानें ठरविली गेली आणि तो कायदा आजहि वाचावयास मिळतो. असा देश स्कॉटलंड होय. तो देश आपल्या मावळासारखा डोंगराळ, पिकाला कृपण, आणि दक्षिणेस त्याहून श्रीमंत व बलाढ्य असा शेजारी. अशा देशाला घोडदळाची चैन परवडत नाहीं. त्याचें बळ पायदळांत, आणि पायदळाचें बळ भाल्यांत.

तेराव्या शतकाच्या अखेरीस व चौदाव्याच्या आरंभीं स्कॉटिश लोक भालाइतांचे दाट गोल किंवा चौकोन करून लढत. या रचनेस ते शिल्ट्रन म्हणत. बारा फुटांच्या सुमाराच्या भाल्यांचें तें कुंपणच असे. १२९८ सालीं फॉलकर्क येथें वॉलेसच्या या कुंपणापुढें इंग्रजांचे घोडे थबकले. परंतु नंतर तिरंदाजांनीं दुरून बाण मारून तें मोडलें. १३१४ सालीं बॅनकबर्न येथें रॉबर्ट ब्रूसनें तेंच कुंपण चालतें केलें, आणि अडचणीच्या जागेंत सांपडलेल्या इंग्रज घोडदळाची वाताहत केली. त्या देशाच्या स्वातंत्र्याचा इतिहास पुष्कळ अंशीं या काठीच्या टोंकावर लिहिलेला आहे.

पुढें १४७१ सालीं स्कॉटलंडच्या पार्लमेंटनें ठराव केला कीं, परदेशांतून आणलेला किंवा देशांत केलेला भाला सहा एलांहून आंखूड असूं नये. एल म्हणजे कापड मोजण्याचें तिकडचें माप. स्कॉटिश एल सुमारें ३७ इंचांचा. तेव्हां सहा एल म्हणजे साडेअठरा फूट झाले. दहा वर्षांनीं, १४८१ त, ही मर्यादा साडेपांच एलांवर, म्हणजे सतरा फुटांच्या आसपास आणली गेली. बॅनकबर्नच्या भाल्यापेक्षां हा भाला निदान पांच फूट लांब. पार्लमेंटनें हें मोजमाप कां हातीं घ्यावें? त्याचें कारण अगदीं साधें अंकगणित आहे.

समजा, एकापाठीमागें एक अशा रांगा तीन तीन फुटांच्या अंतरानें उभ्या आहेत. दहा फुटी भाल्यांतले तीन फूट दोन्ही हातांच्या पकडींत गेले, तर पुढें सात उरले. दुसऱ्या रांगेचें टोंक पहिल्या रांगेच्या पुढें चार फूट येईल, तिसरीचें एकच फूट, आणि चवथी रांग नुसती पाहत राहील. आतां भाला अठरा फुटी घ्या, आणि त्यांतले चार फूट पकडीला द्या. पहिल्या रांगेपुढें चौदा फूट, दुसरीचे अकरा, तिसरीचे आठ, चवथीचे पांच, पांचवीचे दोन. म्हणजे शत्रूच्या एका शिपायापुढें एक नव्हे तर पांच टोंकें उभीं राहिलीं. परंतु यांत एक अट आहे. एका रांगेनें जरी भाले आंखूड आणले, तरी सारें गणित बिघडतें. म्हणून ही गोष्ट शिपायाच्या मर्जीवर ठेवतां येत नाहीं. ती कायद्यानेंच करावी लागते. सहा एलांचा ठराव हा वस्तुतः हत्याराचा ठराव नसून शिस्तीचा ठराव होता.

आणि शिस्त मोडली म्हणजे काय होतें याचा धडाहि त्याच देशानें घेतला. १५१३ च्या सप्टेंबरांत फ्लॉडन येथें चवथा जेम्स राजा असेच लांब भाले देऊन आपलें पायदळ टेंकडीवरून खालीं घेऊन आला. पायथ्याशीं ओलसर खळगा होता. तो ओलांडतांना रांगा विसकटल्या. पुढचा थबकला, मागचा त्याच्यावर येऊन पडला. समोर इंग्रजांच्या हातांत आठ फुटांच्या सुमारास लांब, टोंकाला आंकडा व कोयत्यासारखें पातें असलेलें बिल नांवाचें हत्यार होतें. दाटींत आठ फूट फिरवितां येतात. अठरा फिरवितां येत नाहींत. पांच टोंकांची भिंत होती तोंवर तो भाला अजिंक्य होता. भिंत फुटतांच तो एका गोंधळलेल्या माणसाच्या हातांतला लांबलचक वांसा झाला. राजा स्वतः त्या दिवशीं पडला.

स्कॉटलंडांत आंखूड दांड्याचीं हत्यारेंहि होतीं, आणि तींहि आपापली कथा सांगतात. वर सांगितलेल्या १४७१ च्याच ठरावांत, ज्याला धनुष्य चालवितां येत नाहीं त्यानें चांगली कुऱ्हाड व चामड्याची ढाल बाळगावी असें म्हटलें आहे. डोंगरी मुलखांतली लॉखाबर कुऱ्हाड पांच-सहा फुटांच्या दांड्याची. तिचें पातें दीड फुटापर्यंत लांब, आणि पाठीमागें स्वाराला ओढून खालीं पाडण्यासाठीं आंकडा. सरहद्दीवरील जेडबरो गांवचे लोहार मजबूत दांड्यावर चार फूट लांबीचें पोलादी पातें बसवीत, असें जॉन मेजर या स्कॉटिश इतिहासकारानें १५२१ त लिहिलें आहे. हीं हत्यारें रांगेचीं नव्हत. वाटेंत, खिंडींत, वेशींत गांठ पडणाऱ्या माणसाचीं होत. लॉखाबर कुऱ्हाड पुढें एडिंबरोच्या शहर-पहारेकऱ्यांच्या हातीं राहिली, आणि १८१७ त तें पथक मोडलें तेव्हां तीहि शोभेची वस्तु झाली. आपल्याकडे भाला ज्याच्या हातीं होता तो भालदार शेवटीं दरबारांत ललकारी देणारा मानकरी झाला, तसाच हा प्रकार.

असो. आतां हाच मानदंड घेऊन घरीं यावें. आपल्याकडे भाल्याचीं मापें कोणीं लिहिलींच नाहींत असें नाहीं. कौटिलीय अर्थशास्त्रांत आयुधागाराच्या अध्यक्षाचें प्रकरण आहे. त्यांत शक्ति, प्रास, कुंत, शूल, तोमर, वराहकर्ण इत्यादि हत्यारें एका वर्गांत घालून त्या वर्गाला ‘हलमुख’, म्हणजे नांगराच्या फाळासारख्या तोंडाचीं, असें नांव दिलें आहे. शेतकऱ्यांच्या देशाला शोभेल असें हें नांव आहे. टीकाकारानें मापेंहि दिलीं आहेत: कुंत सात हातांचा असेल तर उत्तम, सहा हातांचा मध्यम, पांच हातांचा कनिष्ठ, तोमर पांच, साडेचार व चार हातांचा, शक्ति सबंध धातूची, चार हातांची. हात दीड फुटाचा धरला तर उत्तम कुंत साडेदहा फुटांचा होतो, आणि कनिष्ठ साडेसात फुटांचा.

येथें दोन गोष्टी लक्षांत याव्या. पहिली अशी कीं, माप हात हें आहे, म्हणजे माणसाच्या शरीराचें आहे. दुसरी अशी कीं, उत्तम, मध्यम, कनिष्ठ या तिन्ही प्रती एकाच कोठारांत सुखानें नांदतात. स्कॉटिश पार्लमेंटनें ज्याला मनाई केली, त्याला आपल्या टीकाकारानें कनिष्ठ एवढेंच म्हणून सोडून दिलें. याचा अर्थ आमच्या मतें हा कीं, येथें भाला एकेका माणसाच्या उंचीला व बळाला साजेल असा द्यावयाचा होता. पाठीमागच्या पांच रांगांचा हिशेब त्यांत नाहीं. सातव्या शतकांत चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग महाराष्ट्रांत येऊन गेला. येथील लोक सूड घेण्यापूर्वीं शत्रूला सूचना देतात, मग दोघेहि भाले घेऊन एकमेकांस भिडतात, आणि एकटा वीर भाला हातीं घेऊन मोठ्या सैन्यासहि आव्हान देतो, अशा आशयाचें वर्णन त्यानें केलें आहे. त्यांत अतिशयोक्ति असेल, परंतु तिचा रोंख पाहण्याजोगा आहे. त्या परदेशीयाच्या डोळ्यांत भरला तो एकटा भालाईत. भाल्यांची भिंत नव्हे.

नंतर दख्खनचें युद्ध घोड्यावर चढलें. सोळाव्या शतकाच्या आरंभीं, म्हणजे अहमदनगर वसून पुरतीं तीस वर्षेंहि झालीं नव्हतीं अशा वेळीं, दुआर्ते बार्बोसा या पोर्तुगीज गृहस्थानें दख्खनी स्वारांचें वर्णन लिहिलें. त्यांचे भाले लांब व वजनांत हलके असून त्यांचीं पातीं हातभर लांब, चौधारी व भक्कम असतात, असें तो सांगतो. चौधारी पात्याचें मर्म असें कीं, तें रुंद पात्यासारखें मांस कापीत नाहीं. अरुंद जागीं सारा जोर एकवटून चिलखताच्या कड्या फोडतें. स्वाराच्या अंगावर जाळीचें चिलखत होतें, म्हणून पातें तसें झालें.

आणि भाला लांब असून हलका कसा? त्याचें उत्तर रानांत आहे. स्कॉटलंडच्या भाल्याचें लांकूड ॲश नांवाच्या झाडाचें. तें चिवट खरें, पण भरीव व वजनदार. तें पेलावयास दोन्ही हात आणि पायाखालीं जमीन लागते. आपल्याकडे वेळू आहे. कोरड्या डोंगरांवर वाढणाऱ्या वेळूची एक जात जवळजवळ भरीव असते. ती वांकते पण मोडत नाहीं, आणि तितक्याच लांबीच्या लांकडी दांड्याहून हलकी भरते. एका हातांत लगाम व एका हातांत भाला धरणाऱ्या स्वाराला याहून चांगलें लांकूड ब्रह्मदेवानेंहि दिलें नसतें. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभींच्या इंग्रज लेखकांनीं पेंढाऱ्यांच्या हातीं बारापासून अठरा फुटांपर्यंत लांबीचे बांबूचे भाले वर्णिले आहेत. अठरा फूट! स्कॉटिश पार्लमेंटचा आंकडाच जणूं दख्खनच्या माळावर उगवला. परंतु तिकडे अठरा फूट हे पांचव्या रांगेला पुढें पोंचविण्यासाठीं होते. इकडे ते एकट्या स्वाराला शत्रूपासून दूर ठेवण्यासाठीं. लांबी एकच, हेतु अगदीं उलट.

हा हेतु या जिल्ह्याच्या भूमीवर पूर्वींच घडला होता. १६२४ सालीं नगरजवळ भातवडी येथें मलिकअंबरानें मोंगल व विजापूर यांच्या जोड-फौजेला गांठलें. तलावाचें पाणी सोडून शत्रूच्या छावणींत चिखल करावा, रसद तोडावी, रात्रीं-अपरात्रीं घालावे घालावे, आणि शत्रु हैराण झाल्यावर झडप घालावी, असा तो डाव होता. मराठे सरदार त्या लढाईंत होते. शहाजीराजांचे बंधु शरीफजी तेथें पडले. अशा युद्धांत समोरासमोर भिंत उभी करण्याची गरजच नसते. तेथें दूरवर पोंचणारें, झटकन् फिरणारें आणि पळत्या घोड्यावरून चालणारें हत्यार हवें.

मराठ्यांचा विटा हें त्याच गरजेचें खास अपत्य होय. विट्याच्या बुडाला सुमारें पांच फुटांची दोरी असते, आणि दोरीचें दुसरें टोंक मनगटाला बांधलेलें असतें. विटा फेंकावा, तो लागला किंवा हुकला तरी दोरीनें हिसका देऊन परत हातांत घ्यावा. कोल्हापूरच्या मर्दानी खेळांत हा विटा अद्याप पाहावयास मिळतो. त्याची लांबी काय म्हणावी? हातांत धरला तर दांड्याएवढी. फेंकला तर दांडा, दोरी आणि पसरलेला हात यांच्या बेरजेएवढी. फेंकलेला भाला गेला तर दुसरा देणारा कोठीवाला ज्याच्या पाठीशीं नाहीं, अशा माणसानें हें हत्यार काढलें, हें उघड आहे. स्कॉटिश भालाइतानें पाठीमागच्या चार माणसांवर भरंवसा ठेविला. आमच्या इटेकऱ्यानें पांच फूट दोरीवर ठेविला.

मराठी राज्यांत भाल्याची लांबी ठरविणारा कायदा कां नसावा, याचेंहि उत्तर येथेंच मिळतें. बारगिराला घोडा सरकारी. शिलेदार मात्र आपला घोडा व आपलीं हत्यारें घेऊन चाकरीस येई. ज्याचें हत्यार त्याच्या मालकीचें, त्याला तें अमुक फुटांचें असावें असें कोण सांगणार? यांत शिलेदाराचा स्वाभिमान होता आणि त्याच स्वाभिमानांत फौजेची मर्यादाहि होती. उद्यां शिस्तीच्या रांगा समोर आल्या तर काय, हा प्रश्न त्यांत अनुत्तरित राहिला.

तो प्रश्न अठराव्या शतकाच्या अखेरीस याच जिल्ह्यांत विचारला गेला. ११ मार्च १७९५ रोजीं जामखेडजवळ खर्डा येथें पेशव्यांच्या निशाणाखालीं जवळजवळ सारे मराठे सरदार एकवटले आणि निजामाचा पराभव झाला. अहिल्याबाई होळकरांचें जन्मग्राम चौंडी याच तालुक्यांत. त्यांच्याच नांवानें हा जिल्हा २०२४ पासून अहिल्यानगर झाला, आणि खर्ड्याचा विजय झाला त्याच वर्षीं त्या निवर्तल्या. विजय मोठा खरा; पण त्या दिवशीं निर्णायक ठरल्या त्या शिंद्यांच्या कवायती पलटणी व तोफा, आणि भोसल्यांचे बाण, म्हणजे दारूचे अग्निबाण. भाला तेथें होता, परंतु दिवस त्याचा नव्हता.

आठच वर्षांनीं, ८ ऑगस्ट १८०३ रोजीं, वेल्स्लीच्या फौजेनें नगरच्या पेठेवर हल्ला केला. १२ ऑगस्टला किल्ला पडला. त्या फौजेंतल्या ७४ व ७८ या दोन पलटणी स्कॉटलंडच्या डोंगरी लोकांच्या होत्या. ज्यांच्या पूर्वजांनीं सहा एलांचे भाले धरले, त्यांच्या वंशजांच्या हातीं आतां संगीन लावलेली बंदूक होती. तिची लांबी सहा फुटांच्या आसपास. भाला पूर्णपणें गेला होता असेंहि नव्हे, कारण इंग्रजी पायदळांत सार्जंटाला १८३० पर्यंत नऊ फुटांच्या सुमाराचा भाला मिळत असे. पण तो आतां रांग सरळ करण्याच्या कामाचा उरला होता. पेठेच्या तटावर शिडी लावून चढतांना ७८ व्या पलटणीचा लेफ्टनंट कोलिन कॅम्बेल यानें दोन्ही हात मोकळे राहावे म्हणून आपली तलवार मनगटाला अडकवून ठेविली होती, असें सांगतात. आमच्या इटेकऱ्याची युक्ति ती हीच. परंतु कॅम्बेलच्या पाठीमागें, हातांतल्या सारख्या मापाच्या बंदुका घेऊन, पलटण चढत होती. सहा एलांचा धडा त्या लोकांनीं भाला टाकून दिल्यावरहि सोडला नाहीं, आणि नगर पडण्याचें एक कारण तें आहे.

तथापि जेत्यांनींहि येथून कांहीं उचललें. १८६८ सालीं इंग्रजी घोडदळाच्या भाल्याला ॲशच्या जागीं बांबूचा दांडा देण्यांत आला. हलकेपणा व चिवटपणा हेच त्याचे गुण. ज्या वेळूला आमच्या स्वारानें शतकापूर्वीं ओळखलें होतें, त्याची सनद त्याला लंडनहून मिळाली. आज अहमदनगर हें भारतीय चिलखती दलाच्या शिक्षणाचें केंद्र आहे. तेथील रणगाडा-संग्रहालय १९९४ पासून लोकांस खुलें आहे. घोडदळाचे वारस आतां रणगाड्यांत बसतात, पण त्या दलाच्या बोधचिन्हांत दोन भाले एकमेकांवर तिरपे धरलेले आहेत. संग्रहालयास भेट देणाऱ्या मुलांना ते कोणीतरी बोट दाखवून सांगावे.

इतकें लिहिण्याचा हेतु केवळ कुतूहल नव्हे. या जिल्ह्यांत, आणि एकंदर महाराष्ट्रांत, अनेक घरांत दसऱ्याला पूजेंत ठेवलें जाणारें एखादें भाल्याचें पातें आहे. दांडा किडला म्हणजे घरधनी नवा बसवितो, आणि नवा बसवितांना तो माळ्यावर किंवा कोपऱ्यांत राहील अशा बेतानें आंखूड घेतो. पुढच्या पिढीला तोच मूळचा वाटतो. अशा रीतीनें बारा फुटांचा भाला पांच फुटांचा होतो, आणि त्याबरोबर घोडा, माळरान आणि एकट्या स्वाराचें धाडस हीं सारीं इतिहासांतून कापलीं जातात.

म्हणून ज्यांच्या घरीं असें पातें असेल त्यांनीं येत्या दसऱ्याला, घासण्यापूर्वीं, एक कागद घ्यावा. पात्याची लांबी व रुंदी, धारा दोन कीं चार, वजन, आणि विशेषेंकरून दांडा बसविण्याच्या नळीचा आंतला व्यास, एवढें त्यावर लिहावें. नळीच्या व्यासावरून दांड्याची जाडी कळते, आणि जाडीवरून तो किती लांबीपर्यंत न डगमगतां राहूं शकेल याचा अदमास बांधतां येतो. नळींत जुन्या वेळूचा तुकडा अडकलेला असेल तर तो काढून फेंकूं नये. तोच सर्वांत मोलाचा. दांडा बदलला असल्यास कोणत्या सालीं बदलला हेंहि लिहावें, आणि तो कागद पात्याबरोबर बांधून ठेवावा. स्कॉटलंडला आपल्या भाल्याचें माप पार्लमेंटच्या दप्तरांत मिळालें. आपलें माप आपल्याच घरांतून गोळा करावें लागणार आहे, आणि तें काम एका दसऱ्याच्या सकाळीं होण्यासारखें आहे.